फ्रीडाबाईची बंद खिडकी

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल हसावं. पण माझी विभामावशी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. भुताखेतांचं नाव काढलं तरी ती आजही नाक मुरडते.

ही एक गोष्ट मात्र ती सांगते. देवाची शपथ घेऊन सांगते.

जयपूर. सी-स्कीम. साल त्रेसष्ट, मे महिना.

आणि रात्र-बित्र काही नाही हं... भर दुपार!

मावशी मूळची वाईची. लग्न झालं आणि विम्याच्या कचेरीतल्या मुकुंदकाकांची बदली झाली, ती थेट जयपूरला. एका ठाकूरसाहेबांच्या बंगल्यात पुढच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मागच्या खोलीत फ्रीडाबाई राहायची.

जर्मन बाई. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिचा नवरा ओटो पहिल्या महायुद्धातला शिपाई. लढाई संपल्यावर देश सोडून बायकोसकट इकडे आला आणि संस्थानाच्या घोडदळात स्वारांना शिकवायला लागला. दुसरी लढाई पेटली, तसं इंग्रजांनी त्याला शत्रूच्या देशाचा म्हणून छावणीत कोंडलं. सुटून आला तो खोकत खोकतच. एकोणपन्नास साली त्याच मागच्या खोलीत वारला.

बाई काही परत मायदेशी गेली नाही. ठाकूरसाहेबांच्या लेकींना विणकाम शिकवून तिथंच राहिली.

लोक म्हणायचे, मेमसाब हट्टी आहे. मावशीला मात्र ती आईसारखी होती. पहिल्या बाळंतपणाला वाईहून कुणाला येता आलं नाही, तेव्हा हिनंच बाळाला न्हाऊ घातलं. डिंकाचे लाडू वळायलासुद्धा शिकली. एकसारखे कधी जमले नाहीत बिचारीला!

त्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं.

एका दुपारी मावशी तिला पेज भरवत होती. फ्रीडाबाईनं तिचा हात धरला आणि मोडक्या हिंदीत बोलायला लागली.

"आमच्याकडे माणूस गेलं की लगेच खिडकी उघडतात, बेटी. जीव बाहेर पडतो. ओटो गेला तेव्हा मी उघडली नाही. आजपर्यंत नाही."

"का?"

"मग मी एकटी पडले असते ना."

मावशीनं पेजेची वाटी खाली ठेवली.

"तो इथंच आहे. दुपारचा चालतो. आधी इंग्रजांनी कोंडला, मग मी कोंडला... मी गेले की खिडकी उघड. आम्ही दोघं मिळून जाऊ. उघडशील ना?"

मावशीनं हो म्हटलं. शपथ घेऊन हो म्हटलं.

पण नशिबापुढे कुणाचं चालतं?

फ्रीडाबाई गेली त्याच दुपारी आंधी आली. आभाळ पिवळं झालं आणि वाळूचा लोट अंगणात घुसला. मावशीनं धावत जाऊन घरभरच्या खिडक्या लावल्या. शेवटी मागच्या खोलीत आली. ती खिडकी बंदच असायची, तिची कडी तेवढी घट्ट केली आणि मागं वळून पाहिलं...

बाईचा श्वास थांबला होता.

बाहेर वाळू काचांवर आपटत होती, ती रात्रभर. खिडकी उघडणार कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ख्रिस्ती दफनभूमीत तिला पोचवलं. घरी आल्यावर मावशीनं मागच्या खोलीत दिवा लावला. आपल्याकडे माणूस गेल्यावर लावतात तसाच. दक्षिणेला वात केलेला आणि भोवती तांदळाचं पीठ पसरलेलं. त्या पिठात गेलेल्याची पावलं उमटतात म्हणतात.

मुकुंदकाका म्हणाले, "अगं, ख्रिश्चन बाई ती. तिला कसले दिवस घालतेस?"

"तिला दुसरं आहे कोण? माझ्या आईला लावला असता तसा लावणार."

हा दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो. आणि जयपूरची लू ती, तापलेला वारा दिवसभर घोंघावायचा. खिडकी उघडली की दिवा गेलाच म्हणून समजा. दिवा विझला तर बाईला वाट कशी दिसायची? मावशीनं मनाशी ठरवलं, दहावा झाला की उघडू. तेवढ्यानं काय बिघडतंय?

तिथंच चुकलं.

त्याच दुपारी काका कचेरीत होते. बाळ झोपलं होतं. सगळा बंगला चिडीचूप.

आणि मागच्या खोलीतून...

टक्... टक्... टक्...

बुटांचा आवाज. पलंगापासून खिडकीपर्यंत. मग थांबला. मग परत पलंगापर्यंत.

मावशी जीव मुठीत धरून गेली. खोलीत कुणी नव्हतं. दिवा शांत तेवत होता.

पिठात खिळे ठोकलेल्या बुटाचा ठसा होता. शेजारी एक अनवाणी पाऊल. अरुंद, बाईमाणसाचं.

संध्याकाळी काका म्हणाले, "उंदीर फिरला असेल."

"उंदीर बूट घालतो का हो?"

काकांनी स्वतः पीठ सारखं केलं. सकाळी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून कचेरीत गेले.

दुपारी पुन्हा तेच. पण आता काचेवर कुणीतरी ठोकत होतं...

आतून.

मग खोकला. कोरडा, न थांबणारा, पुरुषाचा.

मावशी बाळाला छातीशी धरून काका येईपर्यंत अंगणात उन्हात उभी राहिली.

काकांनी कुलूप काढलं. पिठात खिडकीकडे जाणारी दोघांची पावलं होती, शेजारी शेजारी. काचेवर आतल्या बाजूनं तळहाताचे ठसे. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"विभा, उघड ती खिडकी. दिव्याचं राहू दे."

वाळूनं कडी घट्ट बसली होती. काकांनी बुक्की मारली, तेव्हा निघाली. मावशी रडत म्हणाली, "जा गं बाई. उशीर केला मी, पण आता जा सुखानं."

गरम वारा भपकन आत आला आणि दिवा विझला.

त्याच वेळी काकांच्या खांद्याला जोराचा धक्का बसला. घोड्याच्या अंगाचा, कातड्याचा वास आला आणि क्षणात गेला.

मग सगळं शांत. मावशीला हायसं वाटलं. सुटली एकदाची दोघं!

दुसऱ्या दिवशी दुपारी बूट वाजले नाहीत. मावशी झाडू घेऊन खोलीत गेली, पीठ गोळा करायला.

बुटाचे ठसे सरळ खिडकीकडे गेले होते. परत आले नव्हते.

अनवाणी पावलंही खिडकीपर्यंत गेली होती...

आणि परत पलंगाकडे आली होती. पुन्हा खिडकीशी. पुन्हा मागं.

मावशीनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"चौदा वर्षं कोंडलेला माणूस," मावशी आजही सांगते. "खिडकी उघडली आणि गेला. तिच्यासाठी थांबलासुद्धा नाही गं!"

त्यानंतर मावशीनं ती खिडकी कधीच लावली नाही. वाळू आली, थंडी आली, उघडीच. रोज सांगायची, "तुला कोण अडवतंय आता? जा ना!" पण फरशीवर साचलेल्या धुळीत ती पावलं दिसतच राहिली. बाई जाईना. तो कधीतरी घ्यायला येईल, या आशेवर असावी.

पुढे काकांची बदली झाली आणि जयपूर सुटलं. त्या खोलीचं काय झालं, ठाऊक नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

मुकुंदकाका तीन वर्षांपूर्वी पुण्यात गेले. घरीच, झोपेत. मी पोचले तेव्हा खोलीत माणसं दाटली होती. कुणीतरी म्हणालं, गुदमरायला होतंय, खिडकी उघडा.

मावशी उठली. खिडकीपाशी गेली. कडीवर हात ठेवला. खिडकी म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं त्या खोलीत?

"राहू दे," म्हणाली. "नंतर उघडू."

ती अजून उघडलेली नाही.

मध्यंतरी एकदा जेवणं झाल्यावर त्या खोलीत आम्ही दोघी बसलो होतो. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, मी उघडू का गं?"

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. एवढ्या म्हाताऱ्या हातात इतकी ताकद कुठून आली, कोण जाणे.

"नको गं," ती म्हणाली. "तेही थांबले नाहीत तर?"

 

मावशीकडे मी अजूनही जाते. दुपारी मात्र त्या खोलीत बसत नाही.