ब्रेकवरचा पाय

दुपारी साडेतीनला धाकट्याने नवी पुली क्रँकशाफ्टच्या टोकावर चढवली. जुनीचं रबर फाटून कडं सुटलं होतं. रेडिएटर काढून ठेवल्याने गाडीच्या तोंडाशी उभं राहून हात थेट इंजिनापर्यंत पोचत होता. शाफ्टच्या खाचेत पुलीला धरणारी लोखंडी चावी बसली, बोल्टने आटे धरले. आता फक्त आवळायचा होता.

संध्याकाळी याच गाडीने दादाला इस्पितळातून आणायचं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. शुद्ध हरपण्याआधी दादाने वहिनीला एवढंच सांगितलं होतं, "घरी न्या. आपल्याच गाडीतून." घरी पोचेपर्यंत तरी त्याने टिकावं, याहून जास्त धाकटा आता काही मागत नव्हता.

हा बोल्ट आवळणं एकट्याचं काम नव्हे. पाना ओढला की इंजिनही फिरतं. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा असतो. वीस वर्षं तो कोणीतरी दादाच होता. 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलत नसे. एकदा धाकटा सांगायला विसरून चहाला गेला. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर दादा तसाच. "या साहेब! पायाला मुळं फुटली," म्हणाला.

आज चाकांना दगड लावून भागवायचं ठरवलं होतं. पण दर ओढीला पुली थोडी फिरायची आणि बोल्ट होता तिथेच. चौथ्यांदा वैतागून धाकटा सवयीने ओरडला, "दादा, दाब!"

काचेआड सीट रिकामी होती. पेडल कुरकुरलं.

त्याने पाना ओढला. इंजिन तसूभर हललं नाही. पाना टक्‌ वाजला. बोल्ट बसला.

तेवढ्यात वहिनीचा फोन.

"भाऊजी, यांचा उजवा पाय एकदम ताठ झालाय. दोन नर्स वाकवतायत, वाकत नाही. चेहरा बघवत नाही हो."

"शुद्धीवर आलाय?"

"कुठले! घामाने नुसते भिजलेत. काय करू मी?"

फोन कानाला धरूनच तो दारापाशी गेला. पेडल तळाला टेकलं होतं. त्यावर काही नव्हतं.

"भाऊजी? ऐकताय ना?"

न सांगितलं तर दादा असाच धरून बसणार. सांगितलं तर काय, तेही त्याला कळत होतं. संध्याकाळ व्हायला दोन तास होते.

"अहो, कळवळतायत हो ते!"

"सोड, दादा," धाकटा म्हणाला.

पेडल हळूहळू वर आलं.

"सैल पडला! भाऊजी, पाय सैल..." वहिनी थांबली. "अहो," ती म्हणाली, त्याला नव्हे. मग मोठ्याने, "अहो!"

गाडीची चालकाकडची बाजू बोटभर वर उचलली गेली, भारी माणूस उतरल्यासारखी.

थोड्या वेळाने शेजारच्या सीटकडची बाजू तेवढीच खाली बसली, आणि तशीच राहिली.