लिंबाजीचे दोन ठोके

रुद्राणीला वाटलं होतं, जिल्हा नवा झाला म्हणजे गावही नवं झालं असेल. रुरकीला इंजिनं खोलायला आणि जोडायला शिकत होती तेव्हा वसतिगृहाच्या खिडकीशी बसून तिनं मनातल्या मनात लातूर जिल्हा कितीदा तरी आखला होता. दारोदारी नळ, शाळेला पत्रे नव्हे तर स्लॅब, आणि मधोमध गव्हाणवाडीचा तलाव, लहानपणी पाहिला तसा काठोकाठ.

शिरूर अनंतपाळहून आलेल्या टेम्पोतून ती उतरली तेव्हा तलावाच्या जागी भेगाळलेला गाळ होता, नजर पोचेल तिथवर. आणि त्या गाळातून एक रस्ता वर आला होता. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून तलाव बांधला, तेव्हा गव्हाणवाडीहून पलीकडच्या बेलकुंडीला जाणारा जुना रस्ता पाण्याखाली गेला होता. चौदा वर्षांनी तो जसाच्या तसा उघडा पडला होता, कडेचे दगडसुद्धा जागच्या जागी. कुणीतरी कालच आखला असावा तसा सरळ, वर फक्त गाळाची धूळ.

"बघून घे," पंचशीला म्हणाली. ही तिची बालमैत्रीण, आता गावच्या शाळेत मास्तरीण. "तुझं कॉलेज झालं, आन् रस्ता वर आला. दोघं एकदमच घरी आले."

रुद्राणी हसली. पण हसण्याचे दिवस नव्हते. बोअरची गाडी तालुक्यात आली होती आणि तिचा मालक रोखठोक होता. तलावापाशी एकच भोक मारणार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निलंग्याकडे निघणार. परत यायला दोन महिने. गव्हाणवाडीत पिण्याचं पाणी आठवड्याला एक टँकर. बेलकुंडीत तेवढंच. मग भोक कुणाच्या शिवारात?

या दोन गावांत असा वाद पडला की तो दसऱ्याला शंकरपटावर सुटायचा. ज्याची बैलजोडी पुढं, त्याचा मान पहिला. आजोबांच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. पण यंदा बैल छावणीत होते, फासळ्या मोजता येतील असे. दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी एकमुखानं सांगितलं, बैलाला पळवायचं न्हाई. तेव्हा बेलकुंडीचा शरणप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "मग इंजनं पळवा की! आमची जीप हाय. तुमच्याकडं ती रत्नम्मा हाय न्हवं?"

रत्नम्मा म्हणजे गाडी. रुद्राणीच्या आजोबांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या लिलावातून आणलेली अमेरिकन मोटार, बैलगाडीएवढी रुंद. आजीच्या नावावरून तिचं नाव पडलेलं. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. त्यामुळे गावातला जो तो ड्रायव्हर सवयीनं डावा पाय दाबायचा, तो ब्रेकवर पडायचा, आणि गाडी नाक घासून उभी राहायची. ती नीट चालवली होती एकट्या लिंबाजीनं, पंचशीलाच्या वडिलांनी. रुद्राणी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसायची. डोक्यावर टोपी, चुना-तंबाखूचा वास, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर वाजणारी त्यांची पितळी अंगठी. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे आता. "काट्याकडं बघू नको, लहान अक्का," ते म्हणायचे, "इंजनाचं आईक. ते सोताच सांगतंय." ती दहावीत असताना लिंबाजी गेले. गाडी पुसता पुसता सीटवर टेकले, ते उठलेच नाहीत.

"पाण्याचा निवाडा शर्यतीवर?" रुद्राणी आधी चिडली होती. "ही काय पद्धत झाली?"

"दुसरी आण," पंचशीला म्हणाली. "दोन दिवस हायेत."

दोन दिवसांत दुसरी पद्धत सापडली नाही. मग रुद्राणीनं बाह्या वर केल्या. तेल बदललं, कार्ब्युरेटर धुतला आणि गाडी तलावाच्या बांधावर पळवून पाहिली. दांड्याजवळच्या काचेखाली अक्षरं होती: पी, आर, एन, डी, मग दोन आणि एक. 'डी'मध्ये ठेवली की गाडी फार लवकर वरचा गिअर घ्यायची आणि ऐन जोरात असताना दम सोडायची. म्हणजे गिअर आपणच धरून ठेवायचा. गिअरची दांडी सगळी खाली ओढून 'एक'वर निघायचं, इंजिन ओरडेपर्यंत धरायचं, मग 'दोन', मग 'डी'. डाव्या पायानं ब्रेक, उजव्यानं ॲक्सिलरेटर. इंजिनाला जोर चढला की ब्रेक सोडायचा. घाई केली, हात एक खाच पुढं गेला, तर 'एन'. तिथं इंजिन नुसतं बोंबलणार आणि चाकं मोकळी; 'पी'वर मात्र चाकांना कुलूप. खाचा झिजलेल्या होत्या, हाताला नीट लागत नव्हत्या. काचेकडे बघूनच टाकावं लागणार होतं. तिनं वहीत सगळं लिहून काढलं. तिला भारी आनंद झाला. इतकी वर्षं शिकलेलं पहिल्यांदा गावाच्या कामाला येत होतं.

दसऱ्याच्या सकाळी जगदेवीआत्यानं गाडीची पूजा केली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं गेली. मग आत्या आत शिरली. गाडीचा जीव कुठं असतो ते तिला ठाऊक होतं. लिंबाजीचा हात सदा जिथं असायचा, तिथं. तिनं तेलात कालवलेला शेंदूर त्या काचेवर बोटभर जाड थापला.

दुपारी चारला रुद्राणी गाडीत बसली तेव्हा अक्षरं शेंदराखाली गडप झाली होती. रुमालानं पुसू गेली तर शेंदूर आणखीच पसरला.

"आत्या! हे काय केलंस?"

"पुसू नको गं! देव हाय त्यो!"

बाहेर हलगी कडाडत होती. दोन्ही गावं तलावातून वर आलेल्या त्या रस्त्याच्या कडेला दाटली होती, पोरं बापांच्या खांद्यावर. पाव मैलावर चुन्याची रेघ मारलेली. नियम एकच, एका गाडीत एकच माणूस. शेजारच्या जीपमधून शरणप्पानं हाक दिली, "अक्का, आपोआप गाडी हाय न्हवं? मग तुम्ही मागं बसा की, निवांत!" सगळा जमाव हसला. रुद्राणीही हसली, पण तिचे तळवे ओले झाले होते.

तिनं काचा वर केल्या आणि हलगी दूर गेली. फारच दूर, पाण्याखालून वाजावी तशी. गाडीत ऊन कोंडलं होतं. त्या उन्हात हळूहळू एक वास उलगडला. चुना... तंबाखू.

आत्याच्या पूजेचाच असेल, तिनं स्वतःला सांगितलं. डावा पाय ब्रेकवर दाबला, दांडी सगळी खाली ओढली. एक.

दांडी एक खाच वर आली. दोन.

स्प्रिंग झिजली असणार. तिनं पुन्हा खाली ओढली आणि धरून ठेवली. तिच्या बोटांखाली दांडी सावकाश, न झटकता, वर सरकली. मोठ्या माणसानं पोराच्या हातातली वस्तू काढून घ्यावी, तशी. मग दांड्यावर आवाज आला.

ठक.

थांब.

"लिंबाजीकाका..." ती पुटपुटली. शेजारची सीट रिकामी होती. फक्त तिचं रेक्झिन मधोमध जरा दबलेलं होतं.

बाहेर इशाऱ्याचं पांढरं उपरणं खाली पडलं.

तिनं ब्रेक सोडला. 'दोन'वरच. गाडी उसळली नाही, गाळावर बूड टेकवून निघाली आणि निघतच राहिली. तेव्हा रुद्राणीला कळलं. बांधावरचा मुरूम वेगळा आणि या रस्त्यावरचा पिठासारखा गाळ वेगळा. आरशात शरणप्पाची जीप पहिल्या गिअरवर जागच्या जागी चाकं फिरवत होती, धुळीचा डोंगर उडवत. 'एक'वर निघाली असती तर तीही तिथंच खड्डा खणत बसली असती. तिच्या वहीत हे नव्हतं.

पण जीप सुटली. धुळीतून बाहेर पडून ती शेजारी आली. शरणप्पाचं तोंड दिसलं, मग खांदा. रत्नम्माचं इंजिन आता किंचाळत होतं. टाक, टाक 'डी', तिचा हात दांडीवर शिवशिवत होता.

ठक.

"काका, फुटेल ते..."

ठक, पुन्हा. जरा रागानं.

ती थांबली. काट्याकडे पाहिलं नाही, ऐकलं. त्या किंचाळण्याच्या तळाशी एक गाणं होतं. ते चढत होतं, चढत होतं, आणि एका जागी येऊन सपाट झालं.

ठक ठक.

तिनं दांडी ढकलली. हात घाईत पुढंच चालला होता, 'एन'च्या दिशेनं; पण मनगटावर काहीतरी टेकलं. थंड, कोरडं, खरबरीत. हात बरोबर जागेवर थांबला. गिअर पडला आणि रत्नम्मा अशी धावली की रुद्राणीच्या तोंडून लहानपणची किंकाळी फुटली, निव्वळ आनंदाची. भीती होतीच. पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चुन्याची रेघ चाकांखालून गेली तेव्हा जीप अर्धं अंग मागं होती.

तिनं पाय काढला. गाडी मंदावली, पण रस्ता सोडेना. दोन्ही गावांच्या शिवेचा दगड आला, तिथं इंजिन आपणहून बंद पडलं. परत चालू झालंच नाही.

गव्हाणवाडी नाचत धावत आली. आत्यानं तिच्या कपाळाला इतका गुलाल फासला की तीही शेंदराच्या काचेसारखी दिसू लागली. पाठोपाठ शरणप्पा आला, हसत पण भांडतच.

"न्हाई, न्हाई! हे चालायचं न्हाई! एक माणूस ठरलं व्हतं. तुम्ही म्हातारं बसवलं व्हतं शेजारी!"

"कोण म्हातारं?"

"आता मला काय ठाऊक? टोपीवालं. माझ्याकडं बघून हात हालवला की त्यानं!"

लोक खो खो हसले. धुळीनं डोळे गेले म्हणून त्याला चिडवू लागले. शेवटी तोही हसला, हार मानली आणि रुद्राणीच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या, अक्का. सोन्यावानी राहा." त्याच्या मागं बेलकुंडीच्या बाया उभ्या होत्या. त्याही हसत होत्या, पण त्यांनी घागरी बरोबर आणल्या होत्या. जिंकलोच तर म्हणून.

पंचशीला मात्र हसत नव्हती. ती शिवेच्या दगडाकडे बघत उभी होती.

"रुद्रा," ती हळूच म्हणाली, "बाबा दरवेळी इथंच गाडी थांबवायचे. इंजनात पाणी भरायला. इथं आड होता... दगडाच्या अंगाला. बहात्तरलाबी आटला नव्हता म्हणं. मग त्याच्यावर तलाव आला."

रात्र झाली. गाडी ढकलता यावी म्हणून रुद्राणीनं दांडी 'एन'मध्ये टाकली होती. पण कुणाच्यानं ती हलली नाही. सगळे वाजतगाजत पायीच घरी गेले.

सकाळी बोअरची गाडी धडधडत आली आणि शिवेच्या दगडापाशी उभी राहिली. "बोला बाई," मालक म्हणाला. "जिंकलात म्हणं. देवळामागं लावू?" गव्हाणवाडीचे लोक देवळाकडे बोट दाखवत होते. बेलकुंडीच्या बाया दूर रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या.

रुद्राणीनं रत्नम्माचं दार उघडलं. दांडी 'पी'मध्ये होती. शेंदराच्या थरातून एका बोटानं पुसावी तशी स्वच्छ वाट निघाली होती आणि तिच्यातून ते एकच अक्षर दिसत होतं. दांडीच्या टोकाला चुन्याचं बोट उमटलेलं होतं.

तिनं ते हातानं चाचपलं, दार लावलं आणि शिवेच्या दगडाशी जाऊन उभी राहिली.

"इथं लावा," ती म्हणाली. "पंप दोन्ही गावांचा राहील."

गव्हाणवाडीत गलका उठला. ती जागची हलली नाही. ऊन चढत होतं, गाळ पायाखाली तडतडत होता. आणि तिच्या बोटाला लागलेला चुना अजून ओलाच होता.