विद्याश्रीचा आकडा

विश्वास ठेवा, नाहीतर हसा. यातलं माझ्या पदरचं काहीही नाही.

हे घडलं २००५ च्या मे महिन्यात, कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या माझ्या मामांच्या घरी. आणि भुताला रात्रच लागते, हे आधी डोक्यातून काढून टाका. हे भर दुपारी घडलं.

अमरेश माझा मामेभाऊ. घरचा गुळाचा व्यापार. ऑनलाइन बुद्धिबळाचा नाद आधी त्याला लागला. धाकट्या बहिणीला, विद्याश्रीला, त्यानंच शिकवलं.

तिथंच चुकलं.

त्या साइटवर प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा असतो. जिंकलात की चढतो, हरलात की उतरतो. अमरेशचा आकडा चौदाशेला रुतून बसलेला. ती बघता बघता अठराशेच्या वर गेली. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

अमरेश राजाला कोपऱ्यात दडवणार, एकेक प्यादं जपून सरकवणार. ती मात्र सुरुवातीलाच एक घोडा फुकट देऊन टाकायची! समोरचा हावरटासारखा खायचा आणि त्याचा राजा उघड्यावर यायचा. खेळताना तिच्या तोंडात गुळाचा खडा हवाच. माऊस कायम चिकट.

"अण्णा, तू राजाला लई जपतोस की," ती हसायची.

अमरेशच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मामांना सगळे अप्पाच म्हणत. सोंगट्या कशा चालतात, एवढंच त्यांना कळायचं. पण ती खेळायला बसली की अप्पा खुर्ची ओढून तिच्या मागं बसायचे. अमरेश बसला की पेपर उघडायचे.

ती खुर्ची एकदा तरी आपल्या मागं यावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्या मार्चमध्ये विद्याश्री काविळीनं गेली. मामीनं त्यानंतर घरात गुळाचा खडासुद्धा येऊ दिला नाही.

अमरेशही रडला. खोटं कशाला सांगू, मनापासून रडला. पण रोज संध्याकाळी अप्पा विचारायचे, "विद्याचा आकडा हाय न्हवं अजून?"

"हाय, अप्पा."

"किती?"

"अठराशे चाळीस."

"वाघीण हुती माझी पोरगी."

रोज तेच. जिवंत माणसाचा आकडा उतरतो, मेलेल्याचा उतरत नाही. बहीण गेल्याच्या दुःखापेक्षा अमरेशला हेच जास्त जाळायला लागलं.

ती मे महिन्यातली दुपार... अप्पा पेढीवर, मामी शेजारी गेलेली. अमरेशनं विद्याश्रीच्या नावानं साइट उघडली. पासवर्ड त्यानंच तिला लावून दिला होता.

ठरवलं, हरायचं. तिचा आकडा आपल्या खाली येईपर्यंत हरत राहायचं.

पहिल्याच डावात त्यानं घोडा फुकट दिला.

समोरच्यानं खाल्ला.

मग अमरेशनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. वेळ संपली की हार ठरलेली.

तेवढ्यात लोडशेडिंग झालं. पंखा थांबला. यूपीएसवर स्क्रीन तेवढी चालू राहिली.

घर एकदम गप्प झालं.

आणि त्या गप्प घरात... चुळूक... चुळूक...

तोंडातला खडा या गालातून त्या गालात फिरवल्याचा आवाज. अगदी कानाजवळ.

त्याला मान वळवता येईना.

स्क्रीनवरचा बाण हलला...

त्याचा हात मांडीवरच होता.

उंट निघाला. शह. वजीर आला. पुन्हा शह. समोरच्याच्या राजाला पळता भुई थोडी झाली.

मात.

यूपीएस संपला. स्क्रीन काळी पडली. बऱ्याच वेळानं अमरेशनं धीर करून माऊसला बोट लावलं...

चिकट. आणि ओला.

भास झाला असेल, असं स्वतःला बजावत संध्याकाळी तो आपल्या नावानं खेळायला बसला. अप्पा कोपऱ्यात पेपर वाचत होते. डाव जेमतेम सुरू झाला होता... त्याचं बोट आपोआप दाबलं गेलं.

घोडा गेला. फुकट.

त्यानं तो दिला नव्हता.

मागं पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग... खुर्ची ओढल्याचा.

इतक्या वर्षांनी अप्पांचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"हां! आता खेळलास बघ लेका! अगदी विद्यागत!"

त्यानंतर अमरेशचा आकडा चढतच गेला. दोन हजारांच्या वर. अप्पा वारले तोवर ती खुर्ची त्याच्या मागून हलली नाही.

अप्पांचं सगळं कार्य उरकल्यावर त्यानं मला हे सांगितलं. मी विचारलं, "भ्या वाटत न्हाय व्हय रं?"

"भ्या कसलं? माझीच बहीण की ती." मग दात-ओठ खात म्हणाला, "पर एकदा... एकदा तरी अप्पांनी माझा डाव बघायला पायजे हुता. मेली तरी खुर्ची तिचीच!"

निघताना त्यानं माझा हात हातात घेतला.

त्या घरात गूळ येत नाही. मी स्वतः मामीला विचारून खात्री केली आहे.

खाली येऊन गाडीची किल्ली काढायला गेलो...

माझी बोटं एकमेकांना चिकटत होती.