पाइपवरचे ठोके

प्लंबरला त्या दुपारी मुळात घराबाहेर पडायचंच नव्हतं. पण बाई फोनवर अगदी काकुळतीला आल्या होत्या. शॉवरचा पाइप हातात येईल इतका हलतोय, भोवतीची भिंत फुगलीय, आणि उद्या सासूबाई दवाखान्यातून घरी यायच्यात. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. पिशवी उचलून तो निघाला.

बाथरूमला खिडकी नव्हती. मिणमिणता दिवा, ओल्या सिमेंटचा कुबट वास, आणि शॉवरखालच्या चार-पाच टाइल पोट सुटल्यासारख्या पुढे आलेल्या. पाणी मुरलं की भिंत पोकळ होते, टाइल सुटतात, हे त्याला रोजचंच. पण ही आतून कुणी रेटल्यासारखी दिसत होती, आणि ते काही त्याला आवडलं नाही.

"किती वेळ लागेल हो?" बाईंनी विचारलं.

"भिंतीच्या मनात असेल तेवढा," तो म्हणाला. बाई हसून स्वयंपाकघरात गेल्या.

हे काम खरं तर दोघांचं. इतकी वर्षं तो खाली असायचा आणि त्याचा थोरला भाऊ, अण्णा, वर गच्चीत, पाणी बंद करायच्या कॉकपाशी. ओरडून ओरडून घसा कोण बसवून घेणार? म्हणून दोघांनी पाइपवर ठोकायची रीत पाडली होती. एक ठोका म्हणजे पाणी बंद कर. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे काम झालं, चल घरी. ऐकणाऱ्यानं तितकेच ठोके परत द्यायचे, की समजायचं, ऐकलं. अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून हा एकटाच जिने चढायचा, उतरायचा आणि सगळ्या जगावर चिडायचा.

आज तर कॉक बंद करायचाच राहिला. पाना लावून पाइपचा सांधा सैल करतोय तोच पाण्याचा लोट थेट तोंडावर आला. डोळे मिटले, आणि हातानं आपल्या सवयीनं पाइपवर एक ठोका दिला.

पाणी थांबलं. मग पाइपातून, लांबून, एक ठोका परत आला.

"अण्णा...?" तो पुटपुटला.

तुम्ही म्हणाल, माणसानं धूम ठोकायला हवी होती. पण त्याला भीती वाटलीच नाही. त्यानं टाइल काढल्या, सांध्याला पांढरा टेप गुंडाळला, पाइप पट्टीनं जखडला, भिंतीत सिमेंट भरलं आणि टाइल नीट बसवल्या. दोन ठोके दिले. पाणी आलं, दोन ठोकेही आले. किती दिवसांनी त्याला काम करताना बरं वाटत होतं! शेवटचे तीन ठोके दिले तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

तीन ठोके परत आले. पण लांबून नाही... नुकत्याच बसवलेल्या टाइलच्या मागून, त्याच्या तळहाताच्या अगदी पलीकडून. सावकाश. टाइलच्या फटींतून ओलं सिमेंट बाहेर आलं.

पिशवी तिथंच टाकून तो स्वयंपाकघरात आला. "ताई... गच्चीत कोण आहे?"

"गच्चीत? आमचं पाणी गच्चीवरून येतच नाही," बाई म्हणाल्या. "कॉक बाथरूमच्या भिंतीमागच्या पोकळीत आहे. आधीच्या मालकांनी ती पोकळी चारी बाजूंनी बांधून टाकली. का, कुणास ठाऊक... का हो?"

तो दाराकडे धावला. आपण घरी चल म्हणालो ते कुणाला? घरी बायको होती आणि सहा महिन्यांची छकुली. जिने उतरता उतरताच त्यानं फोन लावला.

"हळू बोला, छकुली आत्ताच झोपलीय," बायको म्हणाली. "आणि हे काय पोरकट खेळ हो तुमचे? बाहेरून पाइप कसला ठोकताय?"

"मी... मी अजून इथल्या जिन्यात आहे. किती ठोके?"

"दोन. मग परत दोन. मला वाटलं तुम्हीच... म्हणून मीपण मोरीतल्या पाइपवर वाटीनं दोन दिले."

दोन म्हणजे सोड. "मग?"

"मग थांबलं. अहो... छकुली उठलीय. रडत नाहीये. मोरीकडे बघून दोन्ही हात पुढे करतेय... कुणी उचलून घ्यायला आल्यासारखे."