यानाच्या पायथ्याशी ओडेसा

जुन्या धर्तीचं अवकाशयान चित्रात काढायचं असेल तर आकाशाकडे बघू नये, स्वयंपाकघरात बघावं. कॉफीची किटली घ्यावी, तिचा दांडा मनातल्या मनात काढून टाकावा, तोटी जमिनीकडे वळवावी. निम्मं यान तयार. इस्त्री उभी धरली की उरलेलं निम्मं. पन्नासच्या दशकात डेट्रॉइटच्या एका मोटार कारखान्यात मी नव्या गाड्यांच्या मागच्या पंखांचे आराखडे काढायचो, तेव्हाच हे शिकलो. लोकांना वाटायचं, आम्ही रॉकेटं बघून पंख काढतो. आम्ही मासे बघायचो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी, १९८६च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकानं मला कॅलेंडरचं काम दिलं. बारा महिन्यांची बारा पानं, दर पानावर एक यान. सगळी पन्नास सालची वाटली पाहिजेत: चकचकीत, गोलसर, पोटावर खिडक्यांची रांग. मग काय, दर शनिवारी सकाळी मी आणि ओडेसा, माझी बायको, ईस्टर्न मार्केटच्या बाजारात जायचो. ती पालेभाजीच्या जुड्या निवडायची आणि मी जुन्या सामानाच्या ढिगात हात घालायचो. फुटके हेडलाइट, केस वाळवायच्या यंत्राची टोपी, लिंबू पिळायचं काचेचं भांडं.

"रॉस्को, शेजारीण विचारत होती, तुझा नवरा भंगारवाला कधीपासून झाला?"

"सांग तिला, मंगळावर जायची तयारी चाललीय."

"जाशील तेव्हा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून जा म्हणजे झालं."

पण किटलीचं यान कितीही छान काढलं तरी ते किटलीच दिसतं. त्याच्या पायथ्याशी एक माणूस उभा केला की मगच ते दोनशे फुटांचं होतं. हे या धंद्यातलं पहिलं कलम. प्रत्येक चित्रकाराचा असा एक ठरलेला माणूस असतो, डोळे मिटूनही काढता येईल असा. माझी ओडेसा होती. आमच्या चर्चच्या दारावर उभं राहून आलेल्यांना जागेवर नेऊन बसवायची सेवा तिनं तीस वर्षं केली. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे, उजवा किंचित वर. ब्रशच्या टोकावर पांढरा रंग, एक फटकारा, दोन ठिपके. झाली ओडेसा. चर्चच्या दारात जशी उभी असायची तशीच ती यानाच्या दारात.

पहिली दोन चित्रं बघून प्रकाशकाकडचा केसलर फोनवर खूश होता. "मिस्टर टिलरी, झकास! फक्त यानं आणखी मोठी करा."

यान मोठं करायचं म्हणजे यानाला हात लावायचा नाही. कागद कुठून वाढवणार? माणूस बारीक करायचा. तिसऱ्या चित्रात मी बोटाच्या पेराएवढी ओडेसा नखाएवढी केली. यान एकदम डोंगराएवढं झालं. मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली.

त्या रविवारी तिचा हातमोजा गळून पडला.

आमच्याकडे प्रवचन नुसतं बोलत नाहीत. रेव्हरंड मोझ्ली सुरुवातीला साधं बोलतात, हवापाण्याचं बोलल्यासारखं. मग वाक्याच्या शेवटी आवाज जरासा चढतो, ऑर्गन त्याला ओ देतो, आणि बोलणं कधी संपलं नि गाणं कधी लागलं ते कळत नाही. माझं आयुष्यातलं एवढं एकच व्यसन. त्या दिवशी त्यांनी एकच ओळ धरली होती, "देवापुढं तू केवढा, सांग ना, केवढा?" आणि अख्खं चर्च डोलत विचारत होतं, केवढा, केवढा. माझेही डोळे भरले होते. त्या भरल्या डोळ्यांनी मी दाराकडे पाहिलं. ओडेसानं हात वर केला, आणि मोजा तिच्या बोटांवरून अलगद सुटून खाली पडला.

"सैल झालेत," घरी येताना ती म्हणाली.

"नवीनच आहेत की. ईस्टरला घेतलेस."

"मग हात झिजले असतील. एवढ्या लोकांना बसवलंय, झिजणारच."

पाचव्या चित्रापर्यंत तिनं झग्याची खालची कड दोनदा कापून वर शिवली. बुटांत कागद कोंबला. डॉक्टरांनी भिंतीशी उभं करून उंची मोजली, जुन्या कागदावरचा आकडा पाहिला, पुन्हा मोजली. चार इंच कमी. वयानं मणके बसतात, असं ते म्हणाले, पण म्हणताना तिच्याकडे न बघता टेपकडे बघत होते.

"तू तरी कुठं वाढतोयस? पोट सोडून!" गाडीत बसताना ती मला म्हणाली. तिचे पाय खाली टेकत नव्हते.

मला एका जागी बसवेना. जिना चढायचो, उतरायचो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं तिची खूण करायचो आणि दोन तासांनी पुन्हा तिला हाक मारायचो. ती वैतागायची. "मी काय रोपटं आहे का रे?" काम तेवढं चालू होतं, कारण केसलरचं एकच पालुपद: आणखी मोठं. सहावं यान हेडलाइटवरून काढलं, सातवं माशाच्या डोक्यावरून. ओडेसा आता तांदळाच्या दाण्याएवढी होती. चित्रात म्हणतोय मी.

आठवं चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी मी सगळी कच्ची रेखाटनं जमिनीवर ओळीनं मांडली. शेजारी तिच्या झग्यांच्या कापलेल्या पट्ट्या ठेवल्या. शिवणाचा डबा आवरताना त्या माझ्या हाती लागल्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख. मी मोटारींचा माणूस, हिशोबी. प्रमाण काही नीट जुळत नव्हतं. पण ज्या ज्या आठवड्यात चित्रातली ओडेसा बारीक झाली होती, त्या त्या आठवड्यातली एक पट्टी होती. ज्या आठवड्यात मी आजारी होतो आणि ब्रश धरला नव्हता, त्याची नव्हती.

ती दारात उभी राहून बघत होती. पट्ट्यांकडे, मग चित्रांकडे. मला बोलावं लागलं नाही.

"मग मला मोठी काढ ना," ती म्हणाली. नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाली, पण हात चौकटीला घट्ट धरलेला. "खिडकीएवढी काढ."

मी काढली. नववं चित्र असं झालं की पुढं ओडेसा, गुडघ्यापासून वर, एकेक सुरकुती नीट, आणि तिच्या खांद्यामागं लांबवर बोटभर यान. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी तिनं खालच्या फळीवरचा पिठाचा डबा काढला; आठवडाभर तिथवरही तिचा हात पोचत नव्हता. डबा ओट्यावर ठेवून ती त्याला धरून रडली. मीही.

केसलरनं चित्र परत पाठवलं आणि फोन केला. "बाई सुरेख आहे हो, पण आमचं गिऱ्हाईक यान विकत घेतं. हिला छोटी करा."

"माणूस घालणार नाही मी," मी म्हणालो. "आणि आधीची आठही परत द्या."

"ती छापखान्यात गेली. आणि माणूस नाही म्हणजे? मोठेपणा कळणार कसा?"

"कळेल तेवढा कळेल."

शेवटी तो म्हणाला, बरं. नववं मी नव्यानं केलं. त्यात आणि पुढच्या तिन्हींत कुणीच नव्हतं. बारावं शेवटचं. लिंबू पिळायच्या भांड्याचं यान, गोठलेल्या तळ्यावर, एकटं. खरं सांगायचं तर भांडंच दिसत होतं. मला पर्वा नव्हती.

खिडकीएवढं ओडेसाचं चित्र मी दिवाणखान्यात टांगलं. ती आणखी वाढली नाही, पण घटलीही नाही. चौकटीवरची खूण एकाच जागी राहिली. दहा वर्षांच्या मुलीएवढी उंची. चर्चमध्ये तिच्यासाठी दाराशी एक लाकडी खोका ठेवला, त्यावर ती उभी राहू लागली. पहिल्या रविवारी लोक टकमक बघत होते, दुसऱ्या रविवारी हात हातात घेऊ लागले. "सिस्टर ओडेसा, आता तुम्ही आमच्या डोळ्यांच्या रेषेत आलात," असं कुणी म्हणालं, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. असंच राहू दे, मी देवाला म्हणालो. एवढीच राहू दे, मी आणखी काही मागत नाही.

नोव्हेंबरच्या एका दुपारी टपालातून कॅलेंडर आलं.

ओडेसा स्टुलावर उभी राहून भाजी धूत होती. मी फोनजवळच्या खुर्चीत बसून पानं उलटली. ऑक्टोबर रिकामा. नोव्हेंबर रिकामा. डिसेंबर.

तळ्याच्या पार पलीकडे, बर्फाच्या कडेला, एक पांढरा कण होता.

मी नखानं खरवडला. निघाला नाही. छापलेला होता.

मी केसलरला फोन लावला.

"अहो, माणसाशिवाय ते भांडंच वाटत होतं!" तो हसत म्हणाला. "आमच्या लोकांनी तुमच्याच जानेवारीतनं बाई उचलली, लहान केली, ठेवून दिली. आता बघा, यान म्हणजे अख्खं शहर वाटतं. चाळीस हजार प्रती आज दुकानांत पोचल्या."

"किती लहान केली?"

"म्हणजे?"

"किती लहान?"

"भिंग घ्या, दिसेल. हातमोजेसुद्धा दिसतात."

मी फोन ठेवला.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. ओडेसा गात होती. आवाज तिचाच, सूर पक्का, गळा मोकळा. पण नदीपलीकडून, कॅनडाच्या काठावरून, वाऱ्यावर यावा तसा.

"ओडेसा?"

"अरे, इथंच आहे मी," ती म्हणाली.

मी दारापर्यंत गेलो. स्टूल रिकामं होतं. खाली तिचा निळा झगा पडला होता, वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"ओडेसा, हलू नकोस."

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल जरा."

मी पाऊल टाकायला पाय उचलला होता. तो तसाच हवेत धरून ठेवला, हातानं चौकट पकडली, आणि समोरच्या फरशीचा एकेक पांढरा चौकोन बघत राहिलो.