फणसाला हसलं कोण?

सगळं सभागृह चिडीचूप झालं होतं आणि नेमकी तेव्हाच चंद्रावरची मुलं खदाखदा हसली. शाल्मलीचं दुःख एवढंच होतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला तेवढंही दिवसभर पुरतं.

शाल्मली कोकणातून या धरणाकाठच्या गावात आली, त्याला तीन महिने झाले होते. शाळा चांगली होती, बाई प्रेमळ होत्या. पण तिचं हेल काढून बोलणं ऐकलं की वर्गात खसखस पिकायची आणि डबा ती एकटीच खायची. मग तिने बोलणं कमी केलं आणि चित्रं काढायला घेतली. त्यातून चार मिनिटांचा ॲनिमेशनपट (एकामागून एक भराभर चित्रं दाखवून हलती केलेली गोष्ट) तयार झाला. गोष्ट एका फणसाची. त्याला आंब्यांबरोबर पेटीत बसून गावाला जायचं असतं. तो पोट आत ओढतो, काटे तासतो, अंगावर पेंढा घेऊन आंब्याचा आव आणतो. अखेर कसाबसा पेटीत शिरतो, तोच झाकण फाडकन उडून थेट कौलांवर! आंबे दुसऱ्या पेटीतून निघून जातात, फणस अंगणात एकटा उरतो. मग तीच रिकामी पेटी टोपीसारखी डोक्यावर चढवून तो ऐटीत चालू लागतो.

काल हा पट शाळेत आणि चांद्रवस्तीच्या शाळेत एकाच वेळी दाखवला गेला. तिथल्या तेवीस मुलांचा आवाज इथल्या स्पीकरवर येत होता. झाकण उडालं तेव्हा इथे हशा आणि तिथे शांतता. फणस एकटा बसला, इथे कुणीतरी नाक ओढलं, आणि स्पीकरमधून हास्याचा नुसता स्फोट झाला!

आज पाच वाजता तीच मुलं पडद्यावर येऊन शाल्मलीशी बोलणार होती. पण सकाळीच ती वर्गाच्या घोरपडेबाईंना सांगून आली होती, "मी येणार नाही. आणि तो फणस मी आज पुसून टाकणार आहे."

तिच्या आईचे काका, दाजीआजोबा, यांना ती दुपारी धरणाच्या काठावर सापडली. दाजीआजोबांनी गावच्या अँटेना केंद्रात चाळीस वर्षं यानांची बोलणी ऐकण्यात घालवली होती, त्यामुळे माणसांचं न बोललेलंही त्यांना ऐकू येई, असं ते स्वतःच सांगत. पाण्यावर ऊन पसरलं होतं. पूर्वेला दिवसाचा फिकट चंद्र उगवला होता.

"काय गो, फणसासारखी फुगून बसलीस?" आजोबा शेजारी टेकले.

"ती हसली त्याला. तो रडत होता आणि ती हसली!"

"आणि बाकी कुठे कुठे हसली?"

"सगळीकडे चुकीच्याच जागी. फणस शेणात घसरला तेव्हा गप्प, आणि उठून अंग झटकायला लागला तेव्हा हसली. तासताना शिंकला तेव्हा गप्प, आणि नाक पुसलं तेव्हा हसली."

"मोठीच विचित्र मुलं," आजोबा म्हणाले. "बरं, तो समोरचा माणूस बघ. तोही विचित्रच आहे."

पलीकडच्या काठावर एक मच्छीमार उलट्या नावेवर हातोडा मारत होता. शाल्मली बघत राहिली आणि हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. हातोडा नावेवर आपटला की आवाजच नाही. हातोडा वर हवेत गेला की मात्र 'ठक्'!

"हवेला हातोडा मारतोय की काय तो?"

"मारतो नावेलाच. पण आवाजाला पाणी ओलांडून तुझ्या कानापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. तोवर याचा हात वर गेलेला असतो. आवाज चुकीचा नाही गो, नुसता प्रवासात होता."

शाल्मलीने चंद्राकडे पाहिलं. मग आजोबांकडे.

"पण आमचा पट तर रेडिओलहरींवरून गेला. त्या कुठे आवाजासारख्या रेंगाळतात?"

"रेडिओलहरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर पळतात. पण चंद्र आहे पावणेचार लाखांच्याही पुढे. तूच कर हिशेब."

तिने वाळूत बोटाने आकडे मांडले. तिचा फणस तिथे पोचायला सव्वा सेकंद. तिथलं हसू परत यायला आणखी सव्वा. मिळून अडीच सेकंद आणि वर चिमूटभर. याला विलंब (संदेशाच्या जाण्यायेण्यात जाणारा वेळ) म्हणतात. मोठ्या माणसांना हे इतकं पाठ असतं की मुलांना सांगायचं राहूनच जातं.

"झाकण उडालं," शाल्मली पुटपुटली, "एक... दोन... अर्धा... आणि तेव्हा फणस एकटा बसला होता! आजोबा, ती त्याला नाही हसली! ती झाकणाला हसली!"

दोघं पळतच घरी आली. म्हणजे शाल्मली पळत आली आणि आजोबा आपल्या बेताने आले. तिने चंद्रावरून आलेल्या आवाजाची कालची ध्वनिफीत पटाला जोडली आणि तो आवाज अडीच सेकंद आधी आणला. फणस घसरला, चंद्र हसला. फणस शिंकला, चंद्र हसला. झाकण उडालं आणि तेवीस मुलं पोट धरधरून हसली.

मग फणस अंगणात एकटा बसला. चंद्रावर अगदी शांतता होती. त्या शांततेत एक चिमुकला आवाज आला, "मी बसू का त्याच्याजवळ?"

काल हा आवाज आला तेव्हा इथलं सभागृह पेटीच्या टोपीला हसत होतं. कुणालाच तो ऐकू आला नव्हता. शाल्मलीने तो चार वेळा ऐकला. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने पुसलेही नाहीत. खूप बरं वाटत होतं तिला.

पाच वाजता ती पडद्यासमोर बसली होती. वर्गातली मुलं मागे दाटीवाटीने उभी होती.

"नमस्कार, मी शाल्मली," ती आपल्या कोकणी हेलात म्हणाली आणि थांबली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "ऐकू नाही गेलं वाटतं." पण तिला ठाऊक होतं. शब्द आत्ता काळ्या आभाळातून चाललेत, आत्ता पोचले, आता उत्तर निघालं. उद्या माणसं मंगळावर राहायला गेली की एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईतो जेवून घ्यायचं, असं दाजीआजोबा म्हणाले होते.

"नमस्कार!" पडद्यावर गलका झाला. सगळ्यांत पुढे सहाएक वर्षांची मुलगी होती. तिने तोंड उघडलं मात्र, शाल्मलीने आवाज ओळखला.

"मी जुई." तिने दोनेक सेकंद वाट पाहिली. "ताई, तू लवकर बोलतच नाहीस. आमच्यावर रागावलीस का?"

शाल्मली हसली.

"नाही गो जुई. माझं बोलणं वाटेत असतं. तू बस तिथे, मी पोचतेच."

ती थांबली. अडीच सेकंदांनी चंद्रावरची तेवीस मुलं हसली, अगदी वेळेवर.