सावरकुंडची यादी

भाग्यश्री, बस जरा. लाईट येईपर्यंत काही काम होणार नाही, आणि मेणबत्तीच्या उजेडात ती चार्ज सोपवायची यादी वाचून डोळे फोडू नकोस. राजपत्रांचे खंड, जनगणनेचे अहवाल, कपाटांच्या किल्ल्या, सगळं बरोबर आहे. एकच गोष्ट मी त्यात लिहिलेली नाही, ती तोंडी सांगते. हसू नकोस हं. हसलीस तर इथेच थांबेन, हल्ली माझं डोकं तसंही ठिकाणावर नसतं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. दुपारचे तीन वाजले असतील. मालनबाई नावाची सत्तरीची एक बाई आपल्या ग्रंथालयाच्या या तळघरात उतरली, निफाडकडच्या पुनर्वसन वसाहतीतून. तिचं मूळ गाव सावरकुंड, धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्या बदल्यात तिच्या सासऱ्याला घराची जागा मिळाली होती. आणि आता पन्नास-पंचावन्न वर्षांनी कुणीतरी अर्ज ठोकला होता, की सासऱ्याचं नाव विस्थापितांच्या यादीत नव्हतंच म्हणून. दुसऱ्या दिवशी अकराला सुनावणी होती. छापील यादी दाखवली नाही तर घर जाणार.

"बाई, कुठंच मिळंना. तुमच्याकडं जुनं सरकारी छापील समदं असतं म्हणं..."

"असतं हो मावशी. पण शोधायला वेळ लागतो. इथे काय भाजी तोलून द्यायचीय?" मी खेकसलेच. मार्चअखेरची कामं डोक्यावर, त्यात ही. पण तिचे हात थरथरत होते, ते बघून मलाच लाज वाटली. तासाभरात राजपत्राचा तो खंड सापडला. सावरकुंड, एक्केचाळीस नावं. तेविसावं नाव लहानू धर्मा, तिचा सासरा. मालनबाईने पानाला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

आता त्या खंडांची झेरॉक्स काढता येत नाही, हे तुला माहीत आहे. पान काचेवर दाबलं की चुरा. म्हणून यादी टाइप करायची आणि मग दोघांनी ताडून बघायची. एकाने मूळ खंडातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर खूण करत 'ठीक' म्हणायचं. मगच शिक्का आणि सही. एरवी हे मी आणि समाधान शिपाई करायचो. तो नेमका शिक्क्याची शाई आणायला द्वारका चौकात गेलेला. प्रिंट हातात आली आणि लाईट गेली.

मालनबाईला अक्षरओळख नव्हती. बस चुकेल म्हणून ती सारखी जिन्याकडे बघत होती. म्हटलं जाऊ दे, एकटीच करते. तिथेच चुकले गं मी.

मोबाईलचा टॉर्च पानावर धरला. एक नाव वाचलं, प्रतीवर खूण केली. दुसरं वाचलं. तिसरं...

"चिमाजी भागा."

"हाय..."

मागच्या रॅकांतून आवाज आला. मला वाटलं, समाधान मागच्या दाराने आला. "अरे, 'ठीक' म्हण की! शाळेतली हजेरी आहे का ही?" असं म्हणून पुढचं नाव वाचलं.

"हाय जी."

हा आवाज बाईचा होता.

गाळाचा वास येऊ लागला होता, उन्हाळ्यात तळं आटल्यावर येतो ना, तसा. मी उठणार, तेवढ्यात मालनबाईने माझं मनगट धरलं. तिचा हात आता अजिबात थरथरत नव्हता.

"थांबू नका बाई. अर्धं नका ठेवू... वाचा."

मी वाचत गेले. प्रत्येक नावाला उत्तर येत होतं. कुणी खोकून, कुणी लांबून, कुणी अगदी या टेबलामागून. बाविसावं झालं. मग मी वाचलं, "लहानू धर्मा."

काहीच नाही.

पुन्हा वाचलं. शांतता. मी घाबरून मालनबाईकडे पाहिलं. तिचं घर ज्या नावावर होतं, तेच नाव गप्प!

"ते कसे येतील?" ती हळूच म्हणाली. "मामंजी घर सोडीत नाय. म्हणून तर घर जाऊ द्यायचं नाय मला."

एक्केचाळिसावं नाव संपवलं आणि मी खंड मिटायला घेतला.

"बाई... माझं?"

पोरीचा आवाज. पाच-सहा वर्षांची असेल. मी पान उलटलं. पुढे दुसऱ्याच तालुक्याची जाहीर सूचना होती.

"नाही गं बाळा," माझ्या तोंडून निघून गेलं. "संपली यादी."

मी जुन्या पॅडवरच शिक्का दाबला, सही केली. प्रत पदरात गुंडाळून मालनबाई गेली. थोड्या वेळाने समाधान शाईची बाटली घेऊन आला, वैतागलेला. "मॅडम, आज काय सभा होती का खाली? त्या म्हातारीच्या मागं केवढी माणसं! जिन्यात मला वाट मिळंना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनबाईचा फोन आला. घर राहिलं होतं. मला इतकं बरं वाटलं, डोळे भरून आले.

"पन बाई," ती म्हणाली, "गावचे समदे माझ्यासंगं आले. ओट्यावर हायेत, परसात हायेत. मामंजी एकेकाला आत घेतात. ती एक पोर तेवढी आली नाय. तिथंच ऱ्हायली का?"

तेव्हापासून मी शोधतेय. सावरकुंडची जनगणना चाळली, शाळेच्या पटाचे अहवाल, देवी टोचल्याचे तक्ते, सगळं. पोरीला मी विचारलंसुद्धा, नाव काय गं तुझं? तर म्हणते, "तुम्हीच बघा ना... कुठंतरी लिहिलं असंल." तिला आठवतच नाही. रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी आतून विचारते, "सापडलं?" आणि मी म्हणते, उद्या बघू. रात्री माझ्या घरीही येते, उशाशी बसून तेच विचारते; रात्र रात्र झोप नाही मला.

काल तिला सांगितलं, माझी निवृत्ती आली, आता भाग्यश्री मॅडम बघतील.

तर म्हणाली, "हो. त्यांच्या घरी जाऊन आले मी."